कपाळाखालची फरशी

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं आणि तिला दिसलं, आपल्या मशिदीवर कुणीतरी घुमट ठेवून गेलंय. मॉडेल खिडकीजवळच्या टेबलावर होतं, काल संध्याकाळी ती ठेवून गेली होती तसंच. पुठ्ठ्याच्या जाड भिंती, मधलं अंगण, अंगणातलं काडीचं झाड, कोपऱ्यातला वारा खाली ओढून घेणारा मनोरा, सगळं जागच्या जागी. फक्त सपाट छताच्या मधोमध हिरव्या रंगात बुडवलेला प्लास्टिकचा अर्धा चेंडू. डिंक अजून पुरता वाळलाही नव्हता. शेजारच्या टेबलावर ड्राफ्ट्समन मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसला होता. ऑफिसातलं सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं, पेन्सिलीला टोक करायची वेळ वर्षानुवर्षं कुणावर आलेली नाही, तेव्हा हे उद्योग कुणाचे ते विचारायलाच नको होतं. ‘माझ्याकडे बघू नका मॅडम,’ तो म्हणाला, ‘सरांनी सांगितलं म्हणून केलं. पोराचा चेंडू कापून आणलाय. घरी रडारड झाली ती वेगळीच.’ तिने घुमट धरला आणि ओढला. तो निघाला, पण छताचा तुकडा बरोबर घेऊन निघाला, आणि मशिदीला वाटोळं भोक पडलं. ती तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणतात ना, ते तिला त्या क्षणी अगदी पायऱ्या पायऱ्यांनी जाणवलं. घुमट कचऱ्याच्या डब्यात टाकायचा, पण हात डब्यापर्यंत गेलाच नाही. तिने तो पर्समध्ये कोंबला. पुरावा म्हणून असेल. किंवा पोराला परत देता येईल म्हणून. एवढा विचार करण्याच्या मनःस्थितीत ती नव्हतीच.

सर केबिनमधून बाहेर आले. सरांचा आवाज मऊ. आजवर ते कुणावर ओरडलेत असं ऑफिसात कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्या मऊ आवाजात त्यांनी किती जणांची ड्रॉइंगं मुळापासून बदलून घेतली त्याची गणतीही कुणी केली नव्हती. भोकाकडे पाहून ते हसले. ‘अगं, रागावू नकोस. लोकांना मशीद मशिदीसारखी दिसायला हवी. रस्त्याने जाणाऱ्याला कळायला नको?’ ती म्हणाली, ‘सर, गावात एकच रस्ता आहे आणि त्यावरून जाणाऱ्या झाडून सगळ्यांना मशीद कुठे आहे ते माहीत आहे.’ सर पुन्हा हसले. ‘हेच, हेच. तुझे घरचे तुला वकीलबाई म्हणतात ते काही खोटं नाही.’ हे त्यांना अम्मीने सांगितलं होतं, तेही कौतुकाने, आणि ते आता असं मोक्याच्या वेळी बाहेर निघत असे. मग त्यांनी नवं ड्रॉइंग उलगडलं. ‘आणि बायकांना वर घेतलंय. गॅलरी. थेट घुमटाखाली, एकदम भव्य. एसी देऊ. तुझे मामूच कमिटीचे प्रमुख, त्यांच्याशी बोललो मी फोनवर. खूश आहेत. आज दुपारी गावात बैठक आहेच, तिथे शिक्कामोर्तब करून टाकू.’

ती ड्रॉइंग पाहत राहिली. इमारत सुरीने मधोमध कापून आतलं दाखवतात तसलं ते ड्रॉइंग, आणि आत प्रमाण कळावं म्हणून माणसं उभी केलेली. ही माणसं ऑफिसच्या कॉम्प्युटरमध्ये कायमची मुक्कामाला असतात. मॉल असो, दवाखाना असो, विमानतळ असो, तीच ती. खालच्या दालनात एकजण मोबाइल कानाला लावून उभा. वरच्या गॅलरीत, घुमटाच्या बरोबर खाली, उंच टाचांची एक बाई, एका हातात खरेदीच्या पिशव्या, दुसऱ्या हातात पट्टा, आणि पट्ट्याला कुत्रं. मशिदीत कुत्रं घेऊन खरेदीला निघालेली बाई! तिला हसू फुटलं आणि हसता हसताच ते विरलं, कारण चूक कुत्र्याची नव्हती. कुत्रं ड्राफ्ट्समन एका क्लिकने पुसेल. चूक अशी की सगळे उभे होते. उभ्या माणसाला छत किती उंच आहे ते कळतं, एसीचा गार झोत डोक्यावर येतो तेही कळतं. पण ज्या इमारतीत माणसं येतात तीच मुळी कपाळ जमिनीला टेकवायला, तिथे सगळा प्रश्न फरशीचा असतो, आणि फरशीपाशी या ड्रॉइंगमध्ये कुणीच नव्हतं. काँक्रीटचा पातळ घुमट दिवसभर ऊन पिणार आणि दुपार कलली की प्यायलेलं सगळं खाली ओतणार, नेमकं त्या गॅलरीत. एसी म्हणे! त्या गावात दुपारी वीज जाते ती सूर्य मावळताना परत येते. हे सरांना माहीत नव्हतं असं नाही. तिनेच पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

गाडी सर चालवत होते. अम्मीला मानाने पुढे बसवलं होतं. खालाला, म्हणजे धाकट्या बहिणीला, भेटायचं म्हणून तीही निघाली होती. मागे ती, मांडीवर मॉडेल. शहर संपलं, झाडं संपली, मग नुसती पांढुरकी जमीन आणि तिच्यावर ऊन. काचेतून आलेलं ऊन मॉडेलच्या भोकातून आत शिरलं आणि आतल्या पुठ्ठ्याच्या फरशीवर एक गोल कवडसा पडला, गाडी वळेल तसा तो हलू लागला. छान दिसत होता. मान्य करावं लागलं, आणि मान्य करावं लागल्याचा तिला आणखी राग आला. पुढे अम्मी सरांना सांगत होती की गावात पूर्वी पाणी किती गोड होतं. सर ‘हो का, हो का’ करत होते. अम्मी सगळ्यांशी अशीच बोलते, दुखतं त्याच्या आसपासचं. पाण्याबद्दल बोलेल, चिंचोळ्या गल्लीबद्दल बोलेल, भावाच्या तापट स्वभावाबद्दल हसून बोलेल, पण त्या मशिदीत ती इतक्या वर्षांत का शिरली नाही ते सोडून. कुणी विचारलंच तर म्हणते, ‘घरी पढलेलं काय वाईट? घरीच बरं.’ अब्बा गेले तेव्हाही घरीच. आणि ‘घरीच बरं’ हे इतक्या हसतमुखाने म्हणते की समोरच्याला पटतं. तिला कधी पटलं नव्हतं. कारण तिने ती दोन्ही ठिकाणं पाहिली होती. अख्ख्या गावात, अख्ख्या ऑफिसात, सरांच्या त्या सगळ्या उभ्या माणसांत ती एकटीच अशी होती जिचं कपाळ खालीही टेकलं होतं आणि वरही.

सुट्टीत गावी गेलं की अब्बा तिला बोट धरून खाली घेऊन जात. खाली म्हणजे मूळ मशीद, दगडी, ठेंगणी, भिंती इतक्या जाड की खिडकीच्या कोनाड्यात ती पाय दुमडून बसू शके. बाहेर डोळे मिटायला लावणारं ऊन आणि आत शिरलं की आधी काही दिसायचंच नाही, मग हळूहळू अब्बांचा पांढरा सदरा दिसायचा, मग रांग, रांगेला सफ म्हणतात हे तिला तिथेच कळलं. अब्बा वाकले की ती वाकायची, अब्बांनी सजद्यात कपाळ टेकलं की तीही टेकायची, आणि मग ते यायचं. ते गार. पाण्याचं गार वेगळं असतं, ते अंगावरून निघून जातं. हे दगडाचं गार कपाळातून आत शिरायचं, डोळ्यांच्या मागे, मानेत, आणि जरा वेळ तिथेच राहायचं. तिला वाटायचं, अल्ला म्हणतात तो हाच असणार. मोठी माणसं उठायची तरी ती तशीच पडून राहायची, अब्बा हळूच सदऱ्याला धरून उठवायचे. एवढंच. एवढ्यासाठी ती सुट्टीची वाट बघायची. आणि मग एका सुट्टीत मामू जिन्यापाशी उभे होते. ओरडले नाहीत. डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, ‘आता मोठी झालीस ना तू? आता वर.’ अब्बांनी बोट सोडलं. अब्बांनी काही म्हटलं नाही, आणि हे तिला पुढे बरीच वर्षं मामूंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागत राहिलं.

वर म्हणजे वजूच्या जागेवर, जिथे पुरुष नमाजाआधी हातपाय धुतात त्या न्हाणीवर, नंतर कधीतरी चढवलेला माळा. खाली सिमेंटची स्लॅब, वर पत्रा, पश्चिमेला बिनापडद्याची खिडकी. बायकांसाठी खास, स्वतंत्र जागा केली म्हणून तेव्हा गावात केवढं कौतुक झालं होतं. त्या दुपारी वर अम्मी होती, खाला होती, शेजारच्या दोघीतिघी होत्या. पत्रा तडतड वाजत होता. उन्हात पत्रा असाच फुगतो, पण तिला तेव्हा वाटलं वरून कुणी चालतंय. चटई अंथरली होती. सजद्यात गेली आणि तिने कपाळ लगेच वर घेतलं, लहान होती, तिला कुणी काही म्हणणार नव्हतं. शेजारी अम्मी होती. अम्मीने कपाळ वर घेतलं नाही. खालून इमामांचा आवाज आला तेव्हाच अम्मी उठली, तिच्या कपाळावर लालभडक डाग होता आणि त्या डागात चटईची वीण, आडवी-उभी, स्पष्ट उमटलेली. खालाने तोंडावर हात घेतला. अम्मी म्हणाली, ‘अगं शिक्का बसलाय. आता तिकीट लावा आणि टाका पोस्टात.’ सगळ्या हसल्या. त्यानंतर अम्मी तिथे कधी गेली नाही. रडली नाही, भांडली नाही, भावाला चकार शब्द बोलली नाही. घरीच बरं.

आता मामू नवी मशीद बांधायला निघाले होते, जुनी पाडून, आणि भाचीच आर्किटेक्ट म्हटल्यावर काम तिच्या ऑफिसला आलं. तिने जीव ओतला होता. गावाची प्रार्थनेची दिशा पश्चिम, आणि पश्चिमेचं ऊन सगळ्यात दुष्ट. म्हणजे सगळे ज्या भिंतीकडे तोंड करून वाकणार तीच भिंत सगळ्यात जास्त तापणार. म्हणून तिने ती भिंत दुहेरी केली, मध्ये माणूस चालेल एवढी पोकळी, तापेल ती बाहेरची, आतलीला उन्हाचा पत्ताही लागायचा नाही. घुमट नाही, बारीक उंच मिनार नाही. एकच ठेंगणा रुंद मनोरा, वरून वारा आत घेणारा. तो वारा वजूच्या पाण्यावरून फिरून मग दालनात येणार. त्याच मनोऱ्यातून अजान. आणि बायका खाली. पुरुषांच्या बाजूला, उत्तरेला, त्याच दुहेरी भिंतीसमोर, त्याच मातीच्या जाड छताखाली, मध्ये विटांची जाळी. एक पायरीसुद्धा वर नाही. ही एक ओळ सोडून बाकी तिने सगळं बदलू दिलं असतं. मनोरा हवा तर पाडा, झाड हवं तर तोडा. पण ती ओळ नाही.

गाव आलं. अम्मी म्हणाली, ‘मला खालाकडे सोडा, मी तिथेच बसते.’ खालाचं घर मशिदीच्या अगदी समोर, मध्ये फक्त धुळीचा रस्ता. ‘येतेस का आत जरा? मॉडेल बघ,’ ती म्हणाली. ‘मी काय बघू त्यात? तू केलंयस म्हणजे चांगलंच असणार,’ अम्मी म्हणाली, आणि पदर सावरून आत गेली.

सर गाडी सावलीला लावायला जागा शोधत होते. गावात सावली शोधायला वेळ लागतो. तेवढ्यात तिने चपला काढल्या, मॉडेल उचललं आणि जिना चढली. हे तिने ठरवलं होतं का? गाडीत तरी नव्हतं ठरवलं. पण पायांनी बहुतेक ठरवलेलं असावं. जिन्याची पायरी उंच, कठडा नाही. वर तोच पत्रा, तीच खिडकी. चटया कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या, त्यांच्यावर धूळ, आणि मधोमध कुणीतरी जुनी कुदळ-फावडी आणून टाकलेली. बायका येत नाहीत म्हटल्यावर अडगळीला जागा झाली. तिने फावडी बाजूला सारली, चटया अंथरल्या, मॉडेल मध्ये ठेवलं आणि बसून राहिली. घामाची पहिली धार कानामागून मानेत उतरली. उतरू दे म्हटलं.

खालून मामूंचा आवाज आला, ‘अगं, कुठे गेलीस? आत ये, आत गार आहे!’ आत गार आहे. हे त्यांना ठाऊक होतं तर. ती जिन्याच्या तोंडाशी आली. ‘मामू, बैठक वर आहे.’ ‘वर? वर काय आहे?’ ‘वर जागा आहे. कायम रिकामीच असते.’ मामूंच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण शेजारी शहरातले साहेब उभे, मागे कमिटीतले दोघे. जिना चढायला नको म्हणणं मामूंच्या स्वभावात बसणारं नव्हतं. ते चढले. त्यांच्या मागे सर, रुमालाने मान पुसत. कमिटीतले दोघे. शेवटी इमामसाहेब, नुकतेच गावात आलेले, कमी बोलणारे, वयाने तिच्याएवढेच असावेत. सगळे मांडी घालून बसले आणि बसल्या क्षणी सगळ्यांनी एकदम बूड हलवलं. तिने पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि सावकाश सांगितलं. एरवी ती भराभर बोलते, सर नेहमी टोकतात. आज तिला कसलीच घाई नव्हती. मातीच्या विटा कशा पाडायच्या, त्यात किती वाळू, किती भुसा. भिंत रात्रभर कशी गार होते आणि दिवसभर ते गार कसं पुरवून पुरवून वापरते. पत्रा तडतडू लागला. एकाने टोपी काढून तिनेच वारा घ्यायला सुरुवात केली. ‘पंखा लावा की कुणी,’ सर म्हणाले. ‘वीज गेलीय साहेब,’ दुसरा म्हणाला, ‘आता ती संध्याकाळी.’ ‘अच्छा,’ सर म्हणाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आल्याचं तिला दिसलं. मॉडेलचा डिंक उन्हाने सैल झाला होता. वाऱ्याचा मनोरा हळूच एका अंगाला कलला. तिने तो बोटाने सरळ केला आणि पुढे बोलत राहिली.

सरांनी मऊ आवाजात गॅलरीचं ड्रॉइंग पुढे सरकवलं. मामूंनी त्यावर तळवा ठेवला, त्यांच्या घामाचा पंजा कागदावर उमटला. ‘हे बघ पोरी,’ मामू म्हणाले, ‘बायकांना आम्ही वर घेतो ते मानाने घेतो. वरची जागा मानाची असते. तुमच्या शहरात तुम्हाला मान नको झालाय, आम्ही ठेवतो.’ ती म्हणाली, ‘मग आज तो मान तुम्ही घ्या ना, मामू. अजून बरंच सांगायचंय मला. आपण इथेच बसू सगळं होईपर्यंत.’ टोपीने वारा घेणारा खुसकन हसला आणि मामूंनी बघितल्याबरोबर खोकला.

तिने स्वतःचं ड्रॉइंग काढलं. त्यात एकही उभा माणूस नव्हता. सगळे सजद्यात, रांगेने, नुसत्या वाकलेल्या पाठी, जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे. इमामसाहेब पुढे झुकले. इतक्या वेळात ते पहिल्यांदा बोलले, ‘यात बायका कुठल्या?’ ‘ओळखू येतात का?’ तिने विचारलं. त्यांनी परत पाहिलं. नाही, असं मानेने म्हणाले. ‘इमामसाहेब, एक करा. चटईबाहेर, इथे, फरशीवर हात ठेवून बघा.’ त्यांनी तळवा ठेवला. ठेवला आणि चटकन उचलला नाही, हे तिने नीट पाहिलं. चेहरा घट्ट करून ठेवून राहिले, मग उचलला आणि तळव्याकडे बघत बसले. मामू वैतागले. ‘फरशीचं काय घेऊन बसलीस? चटई कशाला असते?’ ‘चटई होती, मामू,’ ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला, तो तिला कापू द्यायचा नव्हता. ‘चटई होती. अम्मीच्या कपाळावर तिची वीण उमटली होती. तुम्ही खाली होतात. तुम्हाला गार वाटत होतं.’

 मामूंचा चेहरा क्षणभर उघडा पडला. एवढा मोठा माणूस, दाढी पांढरी झालेली, आणि बहीण इतकी वर्षं मशिदीत का येत नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं, ते सगळं त्या चेहऱ्यावर आलं. तिला वाटलं, झालं, विरघळले. पण मामू ते मामू. चेहरा परत मिटला. ‘जुन्या गोष्टी उकरून काढू नकोस,’ ते म्हणाले. ‘तेव्हा पैसा नव्हता, पत्रा टाकला. आता स्लॅब आहे, एसी आहे, इन्व्हर्टर बसवू. बायका वरच. आणि घुमट हवा. मी शब्द दिलाय गावाला.’ सर हळूच म्हणाले, ‘ठरलं तर मग,’ आणि उठायची घाई झाल्यासारखे उठले. तिने सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. एवढं सगळं, इतके महिने, आणि ते असं संपतं, माणसं घामाने कंटाळतात म्हणून. ठरलं तर मग. आता रडू येणार असं तिला वाटलं, पण आलं ते रडू नव्हतं. तो निव्वळ, स्वच्छ, टणक राग होता, आणि तो तिला फार आवडला.

इमामसाहेब खाली गेले. असरची, कलत्या दुपारची वेळ झाली होती. वीज नसल्याने भोंगा नव्हता. त्यांनी अंगणात उभं राहून उघड्या गळ्याने अजान दिली. ती सगळ्यांच्या आधी जिना उतरली, कडेने, पायऱ्या न बघता, आणि अनवाणीच रस्ता ओलांडला. धूळ पायाला चटका देत होती. खालाच्या ओसरीवर अम्मी आणि खाला आणि शेजारच्या दोघी भिंतीला टेकून बसल्या होत्या.

‘अम्मी, चल.’

‘कुठे गं?’

‘खाली.’

अम्मीला कळलं. तिला लगेच कळलं, कारण तिने मुलीकडे न बघता आधी जिन्यावरून एकेक पाय सांभाळत उतरणाऱ्या भावाला शोधलं. ‘वेडी झालीस? लोक काय म्हणतील?’ खाला मात्र आधीच गुडघ्यावर हात टेकून उठली होती. ‘मी येते बाई. माझे गुडघे जिना चढत नाहीत आणि अल्लाला ते ठाऊक आहे.’ शेजारच्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला. अम्मी बसूनच राहिली. ती अम्मीसमोर उकिडवी बसली.  वकीलबाई म्हणवून घेणारीची वाचा बसली. तिने फक्त हात पुढे करून अम्मीच्या कपाळाला लावला, जिथे आता काहीच नव्हतं, नुसत्या सुरकुत्या. अम्मीने तिचा हात बाजूला केला. ‘पुरे. नाटकं नकोत,’ ती म्हणाली, आणि उठली.

वजूच्या जागी नळ कोरडे होते, पंप बंद. एक पिंप भरलेलं आणि तांब्या एकच, तो पुरुषांच्या हातांतून फिरत होता. त्यांनी बायकांना आत येताना पाहिलं आणि तांब्या धरलेला हात हवेतच थांबला. कुणी तो पुढे केला नाही. मग तिला आठवलं. तिने पर्स उघडली, हिरवा घुमट बाहेर काढला, त्याला चिकटलेला पुठ्ठा ओढून टाकला, उलटा धरला, पिंपात बुडवला. छान पाणी मावत होतं त्यात. दाराशी बूट हातात घेऊन उभे असलेल्या सरांनी तो ओळखला. तिने अम्मीच्या हातावर पाणी घातलं, मग पायांवर. ‘हे काय आहे गं?’ अम्मीने विचारलं. ‘घुमट,’ ती म्हणाली. ‘अय्या! बरा आहे की,’ अम्मी म्हणाली.

आत काळोख होता. डोळे सरावायला तेवढाच वेळ लागला जेवढा लहानपणी लागायचा. पुरुषांची एक सफ पुढे उभी होती. तिने अम्मीला, खालाला, त्या दोघींना मागच्या भिंतीलगत उभं केलं आणि स्वतः टोकाला उभी राहिली. पावलांखाली तो दगड. पुढच्या रांगेतल्या माना एकेक करून वळल्या. मामू सगळ्यांत शेवटी आत आले, ओल्या दाढीने, आणि उंबरठ्यावरच थांबले. ‘हे काय चाललंय?’ ते कुणाला म्हणाले ते कळलं नाही. तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधी अम्मी बोलली, मागे न वळता, अगदी घरच्यासारखं, ‘भाईजान, वर ऊन आहे.’

बस, एवढंच. इतक्या वर्षांनी, आणि एवढंच. मामू उभे राहिले. समोरच्या कोनाड्यात इमामसाहेब उभे होते, पाठमोरे; आता ते वळले. त्यांनी पुढची रांग पाहिली, मागची रांग पाहिली, दारातले मामू पाहिले. उजवा तळवा त्यांनी सदऱ्याला पुसला. मग नमाज सुरू करण्याआधी रोज म्हणतात तेच ते म्हणाले, फक्त नेहमीपेक्षा जरा मोठ्याने, मागच्या भिंतीपर्यंत पोचेल असं: ‘सफा सरळ करा. खांद्याला खांदा लावा.’ मागच्या रांगेत खाला सरकली, अम्मीचा खांदा तिच्या खांद्याला लागला. मामू जरा वेळ तसेच थांबले. मग पुढे गेले आणि पहिल्या सफेच्या कडेला उभे राहिले.

तिने कपाळ टेकवलं. ते तिथेच होतं. ती मोठी झाली, शिकली, शहरात घर केलं, अब्बा गेले, आणि ते सगळा वेळ इथेच होतं, एका जिन्याएवढं लांब. कपाळातून आत, डोळ्यांच्या मागे, मानेत. ती मनात म्हणाली, हे मी देणार नाही. यातलं एक इंच देणार नाही. नोकरी गेली तर जाऊ दे. हे सजद्यात मागायचं असतं, निश्चय करायचा नसतो हे तिला माहीत होतं, पण आज मागायचा मूड नव्हता.

नमाज संपली. पुरुष उठले, टोप्या काढल्या, कुणी लगेच बाहेर गेलं नाही. मामू तिच्यापाशी आले आणि तिच्याकडे न बघता, फरशीकडे बघत उभे राहिले. अंगठ्याने त्यांनी दगड जरा घासला, कधी न पाहिल्यासारखा. मग घसा खाकरून म्हणाले, ‘बरं. ती विटांची जाळी पक्की हवी, चिल्लर काम चालणार नाही.’ ती म्हणाली, ‘पक्की करू.’ ‘आणि घुमट? घुमट तरी ठेवशील की नाही?’

‘नाही,’ ती म्हणाली.

मामू काहीतरी पुटपुटत सरांकडे निघाले. तिने वाकून अम्मीला उठवायला हात पुढे केला. अम्मीचं पढून केव्हाच झालं होतं, पण ती तशीच खाली बसली होती, तळवा दगडावर पसरून. ‘थांब गं जरा,’ ती म्हणाली, ‘इथे गार आहे.’